गुरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर : सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षण, प्रवेश आणि नोंदणीची वाट

मे-जून महिन्यात माझ्या दवाखान्यात जनावरे घेऊन येणाऱ्यांबरोबर फायली घेऊन येणारे पालकही दिसू लागतात. काही वर्षांपूर्वी निपाणीकडचे एक गृहस्थ असेच आले होते. मुलाला पशुवैद्यक व्हायचे होते, गुण चांगले होते आणि घरी चार म्हशी असल्यामुळे कामाची ओळखही होती. मुलगा पहिली ते चौथी गावच्या मराठी शाळेत शिकला होता आणि पाचवीपासून बारावीपर्यंत कोल्हापुरात मामाकडे राहिला होता. कर्नाटकाच्या प्रवेशासाठी राज्यातील शिक्षणाची किमान सात वर्षे लागतात, ही गोष्ट त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. महाराष्ट्रात अर्ज करावा तर अधिवासाचा दाखला नव्हता. दुसऱ्या कोणत्या कलमात मुलगा बसतो का, याची शोधाशोध ऐन कागदपत्र पडताळणीच्या आठवड्यात सुरू झाली आणि ते वर्ष हातचे गेले.

आपल्या भागातील मुलांचे प्रवेश गुण कमी पडल्यामुळे हुकतात तसे कागद कमी पडल्यामुळेही हुकतात, आणि दुसरे कारण टाळता येण्यासारखे असते. म्हणूनच या लेखात अभ्यासक्रमाइतकीच जागा कागदांना दिली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून मी लिहीत असलो, तरी कारवार-हल्याळकडच्या आणि बीदर जिल्ह्यातील भालकी, औरादकडच्या मराठी विद्यार्थ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

आधी एक गैरसमज दूर करू

गावात ज्यांना 'डॉक्टर' म्हणतात ते सगळे पशुवैद्यक नसतात. कृत्रिम रेतन करणारा 'मैत्री' कार्यकर्ता, पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला निरीक्षक आणि पदवीधर पशुवैद्यक ही तीन वेगवेगळी माणसे आहेत. भारतात पशुवैद्यकाचा व्यवसाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याखाली चालतो. या कायद्याच्या कलम ३० नुसार जनावरांवर उपचार करणे, पशुवैद्यकीय दाखल्यावर सही करणे, सरकारी सेवेत पशुवैद्यकाचे पद धारण करणे आणि न्यायालयात पशुवैद्यकीय तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे हे अधिकार केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहेत. पदविकाधारकांना राज्य शासन आदेश काढून काही किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकते; परंतु त्या सेवाही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सूचनेनुसारच द्यायच्या असतात.

नोंदणीसाठी लागणारी पदवी एकच आहे : पशुवैद्यकीय विज्ञान व पशुसंवर्धन पदवी, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. दहावीनंतर पशुसंवर्धन पॉलिटेक्निकमध्ये मिळणारी पदविका उपयोगाची आहे, तिच्यावर नोकरीही मिळते. मात्र ती घेऊन कोणी पशुवैद्यक होत नाही. 'दोन वर्षांत गुरांचा डॉक्टर' अशा जाहिराती मी बेळगावच्या बसस्थानकासमोर वाचल्या आहेत. तेथे शुल्क भरण्यापूर्वी एवढेच विचारावे की, या शिक्षणानंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत माझे नाव नोंदले जाईल काय? उत्तर गुळमुळीत आले तर परत फिरावे. हाच प्रश्न परराज्यातील खासगी महाविद्यालयांनाही विचारावा. त्या महाविद्यालयाची पदवी भारतीय पशुवैद्यक परिषदेने मान्य केलेली आहे की नाही, हे परिषदेच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत.

दहावीनंतर कोणते विषय घ्यावेत

पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीला, विज्ञान शाखा घेऊन भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय ठेवणे अनिवार्य आहे. पात्रतेसाठी या तीन विषयांबरोबर इंग्रजीचे गुणही धरले जातात आणि खुल्या प्रवर्गाला एकत्रित ५० टक्के गुण लागतात; राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते. ही इंग्रजीची अट मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी मनावर घ्यावी, कारण तीन शास्त्रांच्या मागे लागून इंग्रजीकडे काणाडोळा करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात.

जीवशास्त्र सोडून गणिताकडे वळलेल्या मुलाला हे दार बंद होते. उलट जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले तर अभ्यास वाढतो, पण इतर वाटा उघड्या राहतात. माझे मत विचाराल तर, ज्याला गोठ्यातले काम खरोखर आवडते त्याने गणिताचे ओझे घेऊ नये.

पीयूसी कोठे करावी, हा प्रश्न मात्र विषयांपेक्षा अधिक गंभीर आहे. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर जवळ वाटते, खानापूरच्या मुलाला बेळगाव. कोणत्या राज्याच्या कोट्यातून प्रवेश घ्यायचा, हे अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी ठरवलेले असावे.

तीन दारे

पहिले दार कर्नाटकाचे. कर्नाटक परीक्षा प्राधिकरण दरवर्षी साधारणपणे एप्रिलमध्ये सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, घेते आणि पशुवैद्यकीय पदवीच्या राज्यातील जागा त्यातून तयार होणाऱ्या स्वतंत्र क्रमवारीनुसार भरल्या जातात. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण आणि ८० मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नड भाषेत असते, मराठीत नसते. बीदर येथील कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली बेंगळुरू (हेब्बाळ), बीदर, हासन, शिवमोग्गा आणि गदग येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. बेळगावकरांना यांपैकी गदग जवळचे. आपल्याच जिल्ह्यात अथणी तालुक्यातील कोकटनूर येथेही महाविद्यालय उभे राहिले आहे. पर्याय भरताना त्या वर्षीच्या जागांच्या यादीत त्याचे नाव आवर्जून पाहावे.

बीदरच्या महाविद्यालयाविषयी एक बारकावा सांगितला पाहिजे. राज्यघटनेच्या कलम ३७१(जे) खाली कल्याण कर्नाटकातील, म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद कर्नाटकातील, संस्थांमध्ये ७० टक्के जागा त्या भागातील स्थानिकांसाठी राखीव असतात. भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी विद्यार्थ्यांना याचा लाभ होतो. त्यांनी पात्रतेचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. बेळगाव जिल्हा मात्र या कलमात येत नाही, त्यामुळे आपल्या मुलांनी बीदरची आशा बेताचीच ठेवावी.

दुसरे दार अखिल भारतीय कोट्याचे. मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद नीट या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून स्वतःच्या समुपदेशनाद्वारे भरते. त्यासाठी नीट देणे पुरेसे नसते. परिषदेकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो न केल्याने बाहेर राहिलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. नीटमध्ये १८० प्रश्नांना ७२० गुण असतात, बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकीला १ कापला जातो. सीईटीला अंदाजाने उत्तर देण्याची लागलेली सवय येथे महागात पडते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते हे खरे, परंतु ती महाराष्ट्रातील परीक्षा केंद्रांवर मिळते. बेळगावचे केंद्र निवडून मराठी प्रश्नपत्रिकेची अपेक्षा धरता येत नाही; मराठीतून लिहायचे असेल तर कोल्हापूरसारखे केंद्र निवडावे लागते. पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीत असल्याने मी स्वतः इंग्रजी प्रश्नपत्रिकाच सुचवतो.

तिसरे दार महाराष्ट्राचे. नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथे आहेत. त्यांतील मुंबईचे १८८६ मध्ये सुरू झालेले, देशातील जुन्यांपैकी एक. आणि आपल्याला सोयीचे शिरवळचे, कारण ते पुणे-बेंगळुरू महामार्गावरच आहे. येथील प्रवेश नीटवर होतात आणि राज्याच्या जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास व तेथील शिक्षण पाहिले जाते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासन अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शिक्षणात स्वतंत्र तरतूद ठेवते. त्यासाठी गाव वादग्रस्त क्षेत्रात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले विहित नमुन्यात द्यावे लागतात. पशुवैद्यकीय प्रवेशाच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत ही तरतूद कोणत्या शब्दांत आहे, हे अर्ज भरण्यापूर्वी वाचावे आणि गरज पडल्यास विद्यापीठाकडून लेखी उत्तर मागवावे. शेजारच्या मुलाला अभियांत्रिकीत जागा मिळाली म्हणजे येथेही मिळणारच, असे गृहीत धरू नये.

माझा सल्ला असा की, सीईटी आणि नीट या दोन्ही परीक्षा द्याव्यात. अभ्यासक्रम बहुतांशी एकच आहे आणि दोन दारांवर थाप मारण्याचा खर्च एका वर्षाच्या नुकसानीपेक्षा फार कमी आहे.

कागद : येथे घाई करू नये आणि उशीरही करू नये

कर्नाटकाच्या पात्रतेचे सर्वसाधारण कलम असे आहे की, विद्यार्थ्याने इयत्ता पहिलीपासून दुसऱ्या पीयूसीपर्यंतच्या (बारावीपर्यंतच्या) काळात राज्यातील मान्यताप्राप्त संस्थांमध्ये किमान सात शैक्षणिक वर्षे शिकलेले असावे आणि एसएसएलसी (दहावी) किंवा दुसरी पीयूसी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण केलेली असावी. यावर दोन उदाहरणे घालून पाहू. निपाणीत पहिली ते दहावी करून अकरावी-बारावी कोल्हापुरात केलेल्या मुलाची कर्नाटकात दहा वर्षे भरतात आणि एसएसएलसीही येथूनच झालेली असते. तो या कलमात बसतो. मात्र चौथीनंतर कोल्हापूरला गेलेल्या मुलाची केवळ चारच वर्षे भरतात आणि कोणतीही सार्वजनिक परीक्षा येथून झालेली नसते. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला मुलगा हाच. आई-वडिलांच्या शिक्षणावर किंवा नोकरीवर आधारलेली इतर कलमेही पुस्तिकेत आहेत, पण प्रत्येकाचे पुरावे वेगळे असतात. 'गडिनाडू' नावाच्या कोट्याकडे पाहून काही पालक हुरळून जातात. तो राज्याबाहेरच्या सीमाभागातील कन्नडभाषकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

या सात वर्षांचा पुरावा म्हणजे अभ्यास दाखला. प्रत्येक शाळेचा वेगळा दाखला घ्यावा लागतो आणि त्यावर बीईओ, म्हणजे तालुक्याच्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. मुलाच्या नावाचे स्पेलिंग एका दाखल्यावर एक आणि एसएसएलसीच्या गुणपत्रकावर दुसरे, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. मराठी शाळेच्या हजेरीपटावर 'पाटील' मराठीत लिहिलेले असते, त्याचे कन्नड होते, कन्नडचे इंग्रजी होते आणि शेवटी एकाच मुलाची तीन नावे तयार होतात. दहावीच्या वर्षीच हे तपासून दुरुस्त करून घ्यावे.

पहिली ते दहावी पूर्णपणे ग्रामीण भागात शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण असते. मराठी माध्यमात शिकल्याने त्याला बाधा येत नाही. कन्नड माध्यमाचे ५ टक्के आरक्षण मात्र आपल्या मराठी शाळांतील मुलांना मिळत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या तीन-ब प्रवर्गात मोडतो. जात व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढता येतो आणि त्याची मुदत पाहून घ्यावी लागते. कर्नाटकाचा जातीचा दाखला महाराष्ट्राच्या राखीव जागांसाठी चालत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

शेतकरी कोटा आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पशुवैद्यकीय जागांचा स्वतंत्र कोटा आहे आणि खेड्यातील मुलांना खरी संधी मी त्यातच मानतो. त्यासाठी शेतीचा उतारा व शेती उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि सीईटीव्यतिरिक्त एक प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. सीईटीचा अर्ज भरतानाच या कोट्याचा पर्याय निवडावा लागतो. तो रकाना मोकळा सोडला तर पुढे काही करता येत नाही.

या परीक्षेत जनावरांच्या जाती, चारा, खाद्य, गोठ्यातील साधने अशा वस्तू ओळखायच्या असतात. घरी म्हैस आहे म्हणून हे आपोआप येते, असे समजू नये. माझ्याकडे सरावाला आलेल्या एका मुलीने लसूणघास आणि बरसीम यांच्या जुड्या उलटसुलट सांगितल्या, आणि तिच्या वडिलांच्या शेतात दोन्ही होते. तिने कधी ते हातात घेऊन निरखले नव्हते, एवढेच. बरसीमचे फूल पांढरट आणि लसूणघासाचे जांभळे, हे एकदा पाहिले की आयुष्यभर विसरत नाही. आपल्या भागातल्या जाती तरी तोंडपाठ असाव्यात : खिल्लार, कृष्णा खोरे, देवणी, पंढरपुरी म्हैस, धारवाडी म्हैस, दख्खनी मेंढी, उस्मानाबादी शेळी. पंढरपुरी म्हशीची शिंगे खांद्यामागे लांबवर गेलेली असतात आणि मुऱ्हाची घट्ट वळलेली असतात, हा फरक आठवडी बाजारात उभे राहून शिकावा. घराजवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात परवानगी घेऊन दोन आठवडे सकाळी जाऊन बसले, तर पुस्तकाच्या दहापट शिकायला मिळते.

साडेपाच वर्षांत काय शिकवतात

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या किमान शिक्षण मानकांनुसार हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यातील साडेचार वर्षे अध्यापनाची आणि शेवटचे एक वर्ष सक्तीच्या फिरत्या आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असते. साडेचार वर्षांची विभागणी चार व्यावसायिक वर्षांत केलेली असून चौथे वर्ष दीड वर्षाचे असते. माणसांच्या डॉक्टरला एक देह शिकावा लागतो. येथे गाय, म्हैस, घोडा, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी शिकावी लागते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे आणि घोड्याचे एकच पोट यांतला फरक समजला नाही, तर औषधाची मात्रा सोडाच, उपाशी ठेवायचे की नाही हेही ठरवता येत नाही.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि पशुधन उत्पादन व्यवस्थापन हे विषय असतात. फॉर्मेलिनच्या वासाने पहिले पंधरा दिवस डोळ्यांतून पाणी येते आणि जेवण जात नाही; त्यानंतर सवय होते. मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी परीक्षा याच वर्षी असते, कारण प्रत्येक हाडाला, स्नायूला आणि नसेला लॅटिन नाव असते. पण ती नावे इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही तितकीच नवी असतात, हे लक्षात ठेवून घाबरू नये. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, विकृतिशास्त्र, पशुपोषण, आनुवंशिकी, औषधशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य येते. अखेरीस औषधोपचार, शल्यचिकित्सा आणि स्त्रीरोग-प्रसूती हे तीन विषय येतात, ज्यांच्यावर पुढे पोट भरायचे असते.

शिक्षण आणि ऐकीव माहिती यांत किती अंतर असते, ते एका उदाहरणाने सांगतो. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडणे हा आपल्याकडे वारंवार दिसणारा प्रकार आहे. म्हैस कळा देते, पण पाणमोट दिसत नाही. अशा वेळी हात आत घालून पीळ कोणत्या बाजूला आहे हे आधी ओळखावे लागते. मग ज्या बाजूला पीळ असेल त्याच कुशीवर जनावर निजवून, पोटावर फळी ठेवून, पिळाच्या दिशेनेच त्याला लोळवायचे असते. गर्भ फळीने जागच्या जागी धरला जातो आणि शरीर फिरून पीळ सुटतो. गावातली अनुभवी माणसेही फळी-दोर घेऊन लोळवतात, पण दिशा न ओळखता. उलट्या दिशेने लोळवले की पीळ आणखी घट्ट होतो आणि म्हैस व रेडकू दोन्ही जातात. दुग्धज्वराने पडलेल्या गाईला कॅल्शियम शिरेतून देतानाही असेच आहे. बाटली तीच, सुई तीच. परंतु ते भराभर सोडले तर हृदय बंद पडते, म्हणून एक हात सलाइनच्या नळीवर आणि कान हृदयाच्या ठोक्यांवर ठेवावा लागतो.

दुसऱ्या वर्षात जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी. याविषयी कोणी आग्रह धरो वा न धरो, मी धरतो. अडकलेली वार उघड्या हाताने काढण्याची फुशारकीही मारू नये; गाभडलेल्या जनावरापासून माणसाला ब्रुसेलोसिस होतो आणि तो ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

आंतरवासिता आणि नोंदणी

साडेचार वर्षांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्य पशुवैद्यक परिषदेकडून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते आणि त्यानंतरच आंतरवासिता सुरू होते. या वर्षात महाविद्यालयाचे चिकित्सालय, सरकारी दवाखाने, पशुपालन केंद्रे अशा ठिकाणी पाळीपाळीने काम करावे लागते आणि विद्यावेतन मिळते. जे हे वर्ष सह्या गोळा करण्यात घालवतात त्यांना पुढची पाच वर्षे त्याची किंमत मोजावी लागते. शक्य असेल तेव्हा ग्रामीण दवाखान्याची पाळी मागून घ्यावी.

आंतरवासिता संपल्यावर पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला, जन्मतारखेसाठी एसएसएलसीचे गुणपत्रक, ओळखपत्र, छायाचित्रे आणि शुल्क यांसह कायम नोंदणीचा अर्ज करायचा. कर्नाटकात हे काम बेंगळुरूच्या कर्नाटक पशुवैद्यक परिषदेत होते आणि महाराष्ट्रात नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत. येथे मिळणारा नोंदणी क्रमांक म्हणजेच आपल्या व्यवसायातील लायसन्स. यासाठी वेगळी परवाना परीक्षा भारतात नाही. परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांचा मार्ग वेगळा आहे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि मुदत उलटल्याचे बहुतेकांना नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी समजते, म्हणून तारीख दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

सीमाभागात राहणाऱ्याला यातून एक प्रश्न हमखास पडतो. पदवी शिरवळला घेतली आणि दवाखाना निपाणीत टाकला, तर नोंदणी कोठे? जेथे कायम व्यवसाय करायचा त्या राज्याच्या परिषदेत नाव असावे. दुसऱ्या राज्यात आधीच नोंदणी झालेली असेल तर तेथून ना-हरकत पत्र घेऊन ती हस्तांतरित करून घ्यावी. यात वेळ जातो, म्हणून दवाखान्याची पाटी रंगवण्याआधी हे काम हाती घ्यावे.

सहीची किंमत

नोंदणी क्रमांक मिळाला की सहीला कायद्याचे वजन येते. विम्याच्या दाव्यासाठी मेलेल्या म्हशीचा शवविच्छेदन अहवाल, जनावरांच्या वाहतुकीचा आरोग्य दाखला, न्यायवैद्यक प्रकरणातील मत, हे सर्व या सहीवर चालते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक स्वतः न वाचता, मालकाने सांगितला म्हणून लिहिला, तर उद्या विमा कंपनीसमोर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. 'डॉक्टर, ओळखीचेच आहेत, सही तेवढी करा' असे म्हणणारा माणूस पहिल्याच महिन्यात भेटतो. १९९२ च्या व्यावसायिक आचारसंहितेचे नियम त्याच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी आहेत, आणि त्यांचा भंग केल्यास परिषदेच्या नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते.

औषधांच्या बाबतीतही तेच. गिधाडांचा नाश होतो म्हणून जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद झाले, खाद्य देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिन २०१९ मध्ये बंद झाले आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. कॉलेजच्या जुन्या वह्यांत ही नावे अजून सापडतील. चिठ्ठीवर सापडू नयेत.

कन्नड, नोकरी आणि स्वतःचा दवाखाना

कन्नड येत नसेल तर आजपासून शिकायला लागावे, हे मी कोणत्याही अभिनिवेशाशिवाय सांगतो. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नडची सक्तीची पात्रता परीक्षा असते. पण परीक्षा सोडा. बैलहोंगल-सौंदत्तीकडचा शेतकरी 'मेवु तिन्नवल्दु' म्हणाला आणि चारा खात नाही हे आपल्याला समजले नाही, तर पुढचा प्रश्नच विचारता येत नाही. लाळ्या-खुरकुताला 'कालुबायी', घटसर्पाला 'गळलेबेने', फऱ्याला 'चप्पे रोग' हे शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करावेत. मला स्वतःला ते एका मेंढपाळाने शिकवले, आणि माझ्या उच्चारांवर तो मनसोक्त हसला.

महाराष्ट्रात पशुधन विकास अधिकाऱ्यांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो. ८६५ गावांतील मराठीभाषक उमेदवारांना तेथील शासकीय सेवेसाठी अर्ज करता येतो; मात्र त्या गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. सरकारी सेवेखेरीज जिल्हा दूध संघ, कुक्कुटपालन उद्योग, औषध कंपन्या, बँका आणि १९६२ क्रमांकावर चालणारी फिरती पशुचिकित्सा पथके यांतही पशुवैद्यकांना काम मिळते. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये अधिकारी म्हणून जाता येते, आणि बेळगावसारख्या लष्करी परंपरेच्या गावातून तिकडे इतकी कमी मुले वळतात, याचे मला नवल वाटते. पुढे शिकायचे असेल तर दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. आहे, राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या परीक्षेतून होतात आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही त्यातली मानाची जागा आहे.

स्वतःचा दवाखाना काढणाऱ्याने पहिल्या दिवसापासून चार गोष्टी कराव्यात. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा व्यवसाय परवाना घ्यावा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत, म्हणून सुया आणि वापरलेले कापूस-पट्ट्या अधिकृत संकलन यंत्रणेकडेच द्याव्यात. दवाखान्यामागच्या ओढ्यात टाकू नयेत. एक्स-रे यंत्र घ्यायचे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आधी घ्यावी, यंत्र नंतर आणावे. चिठ्ठीवर नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक छापून घ्यावा, आणि छापण्यापूर्वी त्या क्रमांकातला प्रत्येक आकडा प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. माझ्या पहिल्या हजार चिठ्ठ्यांवर दोन आकडे उलटसुलट छापले गेले होते, आणि ते एका औषध दुकानदाराने दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.